रेडिओची शक्ती आणि बाह्य प्रवर्धक: सुरक्षित मेळाचा आढावा

हौशी बिनतारी संदेशवहनात, म्हणजेच हॅम रेडिओत, टेबलावर ठेवायचे बहुतेक ट्रान्सीव्हर लघुलहरींवर १०० वॉटपर्यंत शक्ती देतात, आणि त्याहून अधिक शक्ती हवी असेल तर ट्रान्सीव्हर व अँटेना यांच्यामध्ये एक स्वतंत्र प्रवर्धक बसवावा लागतो, ज्याला हॅम मंडळी नुसते ‘लिनिअर’ म्हणतात. ट्रान्सीव्हरने प्रवर्धकाला पुरवलेल्या शक्तीला ‘ड्राइव्ह’ असे नाव आहे. ही ड्राइव्ह कमी पडली तर प्रवर्धक पूर्ण क्षमतेने चालत नाही, याहून मोठे नुकसान होत नाही. ती जास्त झाली तर मात्र संदेशाचा आवाज फाटतो, शेजारच्या वारंवारतांवर कचरा पसरतो आणि पुष्कळदा प्रवर्धकातला सर्वांत महागडा घटक कायमचा निकामी होतो. हा प्रश्न वरवर पाहता साध्या भागाकाराचा वाटतो, कारण प्रवर्धकाची कमाल शक्ती आणि त्याचे प्रवर्धनाचे प्रमाण माहीत असले की लागणारी ड्राइव्ह ठरते. अडचण अशी की हा हिशेब मीटरवर दिसणाऱ्या स्थिर शक्तीवरून केला जातो, आणि घटक जळतात ते मीटरला न दिसणाऱ्या काही सहस्रांश सेकंदांत.

पुढील विवेचनासाठी डेसिबेल हे मोजमाप आवश्यक आहे. शक्ती दहापट झाली तर ती १० डेसिबेलने वाढली असे म्हणतात, दुप्पट म्हणजे सुमारे ३ डेसिबेल आणि चौपट म्हणजे ६ डेसिबेल. प्रवर्धक शक्ती किती पटीने वाढवतो ते सांगणाऱ्या आकड्याला ‘गेन’ म्हणतात आणि तोही डेसिबेलमध्येच देतात. १० डेसिबेल गेनचा प्रवर्धक ४० वॉटचे ४०० वॉट करतो. ऐकणाऱ्याच्या रेडिओवर संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक टप्पा ६ डेसिबेलचा मानला जातो, म्हणजे १०० वॉटचे ४०० वॉट केल्यावर समोरच्याच्या मीटरचा काटा एकाच टप्प्याने पुढे सरकतो. प्रवर्धक घेण्याआधी हा हिशेब करणारे थोडे असतात.

या प्रश्नाचे जुने रूप निर्वात नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, काळातले आहे. कॉलिन्स कंपनीच्या ३०एल-१ या प्रवर्धकात ८११ए जातीचे चार व्हॉल्व्ह होते, तर १९७० च्या दशकात अनेकांनी स्वतःच्या हाताने जुळवलेल्या हीथकिटच्या एसबी-२२० मध्ये ३-५००झेड जातीचे दोन. अशा प्रवर्धकांत ग्रिड, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी, जमिनीला जोडलेली असते आणि ड्राइव्ह कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन जेथून निघतात त्या टोकाला, दिली जाते. या रचनेचा गेन साधारण १० ते १२ डेसिबेलच असतो, आणि तिची खुबी अशी की दिलेली ड्राइव्ह बहुतांशी वाया न जाता अँटेनाकडे जाणाऱ्या शक्तीत मिसळते. अशा प्रवर्धकाला पूर्ण शक्तीसाठी ६० ते १०० वॉट ड्राइव्ह लागते, आणि त्या काळाचे ट्रान्सीव्हर तेवढीच देत असल्यामुळे मेळ आपोआप जमत असे. शिवाय व्हॉल्व्हच्या धातूला व काचेला उष्णता साठवायला वेळ लागतो. ३-५००झेडचा अ‍ॅनोड ५०० वॉट उष्णता सहन करण्यासाठी बनवलेला असून काम करताना तो लालसर दिसणे त्याच्यासाठी स्वाभाविक असते, आणि अतिरेक झालाच तर रंग उजळत गेलेला पाहून चालकाला हात आवरायला काही सेकंद मिळतात. सर्वच व्हॉल्व्ह इतके सोशिक नसतात. सूक्ष्म अंतरावर ग्रिड असलेले उच्च गेनचे सिरॅमिक व्हॉल्व्ह ग्रिडमधून जास्त प्रवाह गेल्यास लवकर खराब होतात, म्हणून चांगल्या प्रवर्धकांत ग्रिडचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की यंत्र बंद करणारे वेगळे मंडल असते. नियंत्रक ग्रिडवर ड्राइव्ह देणाऱ्या टेट्रोड प्रवर्धकांत तर ग्रिडला नाममात्र शक्ती पुरते, त्यामुळे तेथे येणारी बहुतेक ड्राइव्ह मुद्दाम बसवलेल्या एका मोठ्या रोधकात जाळावी लागते. दिसायला अपव्यय असलेली ही युक्ती पुढच्या सगळ्या सुरक्षेची किल्ली आहे.

व्हॉल्व्हच्या काळातला हा समतोल काही अंशी कायद्यानेही टिकवला. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झवरच्या नागरिकांसाठीच्या सीबी रेडिओला केवळ ४ वॉटची परवानगी असताना लोक त्याला हॅमचे प्रवर्धक जोडू लागले, म्हणून १९७८ मध्ये तेथील नियामक संस्थेने प्रवर्धकांच्या निर्मितीवर निर्बंध आणले, आणि हौशी सेवेच्या नियमांत प्रवर्धकाचा गेन १५ डेसिबेलहून अधिक नसावा अशी अट आली. १५ डेसिबेल म्हणजे सुमारे ३२ पट. तेथील १५०० वॉटची कमाल मर्यादा गाठायला त्यामुळे जवळजवळ ५० वॉट ड्राइव्ह द्यावी लागते. सीबीवाल्यांना रोखण्यात या अटीला किती यश आले हा वेगळा विषय आहे, पण तिच्या आडून प्रवर्धक आणि १०० वॉटचे ट्रान्सीव्हर यांची जोडी कागदोपत्री जुळलेली राहिली, हे मान्य करावे लागते.

अर्धवाहकांनी ही जोडी मोडली. आजच्या प्रवर्धकांत वापरले जाणारे एलडीमॉस जातीचे ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ बीएलएफ१८८एक्सआर, ५० व्होल्टवर एकटेच हजार वॉटच्या पुढे शक्ती देतात आणि लघुलहरींवर त्यांचा गेन २० डेसिबेलहून बराच जास्त असतो. गेन २४ डेसिबेल धरला तर १००० वॉटसाठी अवघी ४ वॉट ड्राइव्ह पुरते. हे ट्रान्झिस्टर बाहेरच्या बाजूने अत्यंत चिवट असतात, अँटेना फार मोठ्या प्रमाणात बिघडली तरी ठरावीक काळ तग धरतील असे त्यांचे निर्माते सांगतात, आणि नेमकी त्यामुळेच वापरणाऱ्याची फसगत होते, कारण आतल्या बाजूने, म्हणजे ज्या टोकाला ड्राइव्ह दिली जाते त्या गेटवर, त्यांची सहनशक्ती सुमारे १० व्होल्टइतकीच असते. ढोबळ हिशेब असा: ५० ओहमच्या तारेवर १०० वॉट वाहत असतील तर विद्युतदाबाचे शिखर १०० व्होल्ट असते, आत रोधाचे प्रमाण ९ ला १ करणारा, म्हणजे दाब एक तृतीयांशावर आणणारा, ट्रान्सफॉर्मर असल्यास ते ३३ व्होल्टवर येते आणि जोडीने काम करणाऱ्या दोन गेटांमध्ये विभागून प्रत्येकावर जवळजवळ १७ व्होल्ट पडतात. ४ वॉटला हाच आकडा साडेतीन व्होल्टच्या आत राहतो. गेटवरचा ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की मर्यादा ओलांडणारा एकच झटका त्याला छिद्र पाडायला पुरतो. येथे रंग उजळत नाही, वास येत नाही आणि चालकाला सावध व्हायला वेळही मिळत नाही.

आता प्रश्न असा की ४ किंवा ३० वॉटवर लावलेला ट्रान्सीव्हर १०० वॉट कशाला पाठवील? याचे उत्तर ट्रान्सीव्हर शक्ती कशी नियंत्रित करतो यात आहे. बहुतेक ट्रान्सीव्हरांत शक्तीचे बटण अंतिम टप्प्याची क्षमता कमी करत नाही. ते एक लक्ष्य ठरवते. बाहेर जाणारी शक्ती एक शोधक मंडल मोजते, ती लक्ष्यापेक्षा जास्त दिसली की नियंत्रणाचा विद्युतदाब तयार होतो आणि तो आधीच्या टप्प्यांचे प्रवर्धन खाली ओढतो. या स्वयंचलित व्यवस्थेला एएलसी म्हणतात. बोलायला सुरुवात होते किंवा मोर्सचा पहिला ठिपका पडतो त्या क्षणी मात्र मोजण्यासारखे काही बाहेर गेलेलेच नसते, नियंत्रणाचा विद्युतदाब शून्य असतो आणि सर्व टप्पे पूर्ण गेनवर उघडे असतात. शोधकाने शक्ती पाहून त्याचा संधारित्र भरेपर्यंत जे काही सहस्रांश सेकंद जातात, तेवढ्यात ट्रान्सीव्हर त्याला जमेल तितकी शक्ती बाहेर टाकतो, मग बटण २० वॉटवर असो वा ५० वर. बटण जितके खाली, तितकी लक्ष्य आणि झटका यांतली तफावत मोठी. हा दोष कोणा एका कंपनीचा नाही; अनेक दशकांतल्या, अनेक नामवंत कंपन्यांच्या ट्रान्सीव्हरांत तो कमीअधिक प्रमाणात आढळला आहे. संकेत मुळातच अंकीय पद्धतीने तयार करणाऱ्या नव्या ट्रान्सीव्हरांत शक्तीची मर्यादा उगमापाशीच घालता येते आणि त्यामुळे झटका बराच कमी होतो, पण ही सोय प्रत्येक नव्या ट्रान्सीव्हरात असेलच असे गृहीत धरता येत नाही.

सरासरी दाखवणारा वॉटमीटर हा झटका दाखवत नाही. काट्याला हलायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी तो येऊन गेलेला असतो, आणि शिखरशक्ती दाखवणारे अनेक स्वस्त मीटरही खऱ्या अर्थाने शिखर पकडत नाहीत. खात्रीची पद्धत एकच आहे: ट्रान्सीव्हर डमी लोडला, म्हणजे शक्ती उष्णतेत रूपांतरित करणाऱ्या ५० ओहमच्या रोधकाला, जोडायचा आणि त्यावरचा विद्युतदाब साठवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहायचा. ५० ओहमवर १०० वॉट म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत २०० व्होल्ट, २५ वॉट म्हणजे १०० व्होल्ट, म्हणून ऑसिलोस्कोपला योग्य तो विभाजक प्रोब लावणे आवश्यक असते. प्रवर्धकावर लाखभर रुपये खर्च करणाऱ्याने जुना का होईना, एक ऑसिलोस्कोप मिळवावा, यात वादाला जागा नाही.

उपायांपैकी सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे प्रवर्धकाची एएलसी तार ट्रान्सीव्हरला जोडणे, आणि तोच सर्वांत कमी भरवशाचा आहे. प्रवर्धकाला ड्राइव्ह जास्त होऊ लागली की तो ऋण विद्युतदाब परत पाठवतो आणि ट्रान्सीव्हर स्वतःला आवरतो, अशी ही कल्पना आहे. परंतु तीही शक्ती मोजून मग आवरणारीच व्यवस्था असल्याने पहिला झटका तिच्या आवाक्याबाहेर राहतो. शिवाय एका कंपनीच्या ट्रान्सीव्हरला ० ते उणे ४ व्होल्ट अपेक्षित असताना दुसऱ्या कंपनीचा प्रवर्धक त्याहून बराच जास्त ऋण विद्युतदाब देतो, आणि सतत खालीवर होणाऱ्या नियंत्रणामुळे आवाजात विकृती येते ती वेगळीच. एएलसीला शेवटचा राखीव बंदोबस्त मानावे. तिच्या जोरावर मेळ साधू नये.

खरा मेळ साधतो तो अटेन्युएटर, म्हणजे ठरावीक प्रमाणात शक्ती जाळून टाकणारी तीन रोधकांची जोडणी. टेट्रोडच्या ग्रिडवरचा तो मोठा रोधक हाच या कल्पनेचा पूर्वज. ६ डेसिबेलच्या अटेन्युएटरमध्ये मधला रोधक सुमारे ३७ ओहमचा आणि दोन्ही टोकांकडून जमिनीला जाणारे रोधक सुमारे १५० ओहमचे असतात. त्यात १०० वॉट शिरले तर २५ वॉट बाहेर पडतात आणि ७५ वॉट उष्णतेत जातात. हे ७५ वॉट तिघांत समान वाटले जात नाहीत: ट्रान्सीव्हरकडचा रोधक आणि मधला रोधक प्रत्येकी सुमारे ३३ वॉट पेलतात, तर प्रवर्धकाकडच्याला ८ वॉटच सोसावे लागतात. घरी बनवणारे पुष्कळदा तिन्ही रोधक सारख्याच वॉट-क्षमतेचे घेतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे योग्य क्षमतेचे घेऊन अटेन्युएटरची पेटी उलटी जोडतात. रोधक तारेच्या वेटोळ्यांचे नसावेत, कारण वेटोळ्याला स्वतःचे प्रेरकत्व असते आणि उच्च वारंवारतेवर हिशेब बिघडतो. उष्णताशोषक पट्टीवर घट्ट बसवायचे, प्रेरकत्वरहित रोधक बाजारात मिळतात.

अटेन्युएटरचा फायदा केवळ वजाबाकीचा नाही. त्याच्यामुळे ट्रान्सीव्हर त्याच्या कमाल शक्तीवर चालवता येतो, म्हणजे लक्ष्य आणि कमाल क्षमता एकच होतात आणि झटक्याला वर जायला जागाच उरत नाही. दुसरा फायदा परावर्तित शक्तीचा. प्रवर्धकाचे आगम मंडल, म्हणजे ज्या टोकाने ड्राइव्ह आत शिरते ते, क्षणभर पूर्ण तुटले तरी ६ डेसिबेल जाताना आणि ६ डेसिबेल परतताना कमी होऊन ट्रान्सीव्हरला दिसणारा एसडब्ल्यूआर, म्हणजे परावर्तनाचे गुणोत्तर, १.६७ च्या वर जात नाही, ही ट्रान्सीव्हरच्या दृष्टीने सुसह्य स्थिती आहे. तोटा असा की बाहेर बसवलेला अटेन्युएटर ऐकतानाही आड येतो आणि प्रवर्धक बंद असताना अँटेनाला १०० ऐवजी २५ वॉटच मिळतात. म्हणून त्याची योग्य जागा प्रवर्धकाच्या आत, आगमाच्या रिलेनंतर आहे, जेथे तो फक्त प्रवर्धित प्रसारणाच्या वेळी वाटेत येतो. पूर्वोक्त १५ डेसिबेलची अट पाळण्यासाठी काही निर्माते एलडीमॉस प्रवर्धकात असाच अटेन्युएटर घालतात, आणि काही उत्साही मालक थोड्या ड्राइव्हमध्ये जास्त शक्ती मिळावी म्हणून तो काढून टाकतात. कमी शक्तीच्या ट्रान्सीव्हरसाठी हे समजण्यासारखे आहे. पण त्यानंतर त्याच प्रवर्धकाला १०० वॉटचा ट्रान्सीव्हर जोडणे हा निव्वळ अविचार होय.

शक्ती जुळली तरी वेळ जुळली नाही तर नुकसान टळत नाही. प्रसारण सुरू करताना प्रवर्धकातल्या रिलेने अँटेना आधी जोडावी आणि मग ड्राइव्ह यावी, थांबताना ड्राइव्ह आधी बंद व्हावी आणि मग रिले सुटावा, हा क्रम अटळ आहे. साध्या रिलेला जागा बदलायला १० ते २० सहस्रांश सेकंद लागतात, निर्वात रिलेला त्याहून बरेच कमी. ट्रान्सीव्हर त्याआधीच शक्ती पाठवू लागला तर रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि प्रवर्धक क्षणभर अँटेनाशिवाय चालतो. अनेक आधुनिक ट्रान्सीव्हरांच्या मेनूत प्रसारणाचा विलंब वाढवण्याची सोय असते. प्रवर्धक जोडण्यापूर्वी ती पाहून घ्यावी. जुन्या प्रवर्धकांत आणखी एक सापळा आहे. एसबी-२२० सारख्या यंत्रात रिले चालवणाऱ्या तारेवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात, कारण त्या काळचे ट्रान्सीव्हर ती तार स्वतःच्या यांत्रिक रिलेने जमिनीला जोडत. आजच्या ट्रान्सीव्हरातला चिमुकला ट्रान्झिस्टर त्या विद्युतदाबाने, किंवा रिलेचे वेटोळे बंद होताना उसळणाऱ्या उलट दाबाने, पहिल्याच वापरात मरतो. मध्ये एखादे मॉसफेटचे विलगीकरण मंडल बसवले की हा धोका संपतो आणि त्याचा खर्चही नगण्य असतो.

ड्राइव्हची मर्यादा संदेशाच्या प्रकारानुसारही बदलते. बोलण्यात शिखरे थोडा वेळ येतात आणि मध्ये विसावा असतो, म्हणून बोलण्यासाठी १००० वॉटचा म्हणवला जाणारा प्रवर्धक सतत तेवढी शक्ती देऊ शकेलच असे नाही. २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ या संगणकीय पद्धतीत प्रत्येक १५ सेकंदांच्या पाळीतले सुमारे १२.६ सेकंद अखंड, एकाच पातळीची शक्ती जाते, आणि अशा वेळी ड्राइव्ह निम्म्यावर आणणे शहाणपणाचे असते. एएममध्ये, म्हणजे वाहक लहरीची उंची बदलून आवाज पाठवण्याच्या पद्धतीत, उलट प्रकार असतो: वाहक लहरीची शक्ती २५ वॉट असेल तर शिखर १०० वॉटचे असते, त्यामुळे मीटरवरचा आकडा पाहून ड्राइव्ह वाढवणारा हमखास फसतो.

लघुलहरींपलीकडे हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. कतारच्या एसहेल-२ या भूस्थिर उपग्रहावरील क्यूओ-१०० हे हौशी केंद्र भारतातूनही वापरता येते आणि त्यासाठी २४०० मेगाहर्ट्झवर काही वॉट पाठवावे लागतात. संगणकाला जोडायचा प्लूटो हा छोटा रेडिओ जेमतेम काही मिलिवॉट देतो, म्हणून त्याच्यापुढे दोन-तीन प्रवर्धक एकामागून एक लावले जातात. ५ मिलिवॉटला २० डेसिबेल गेन मिळाला की अर्धा वॉट होतो, आणि पुढचा वायफायसाठी बनवलेला प्रवर्धक पुष्कळदा त्याच्या पाचव्या हिश्श्यावरच समाधानी असतो. येथे तारही मोजावी लागते. आरजी-५८ जातीच्या तारेत या वारंवारतेवर दर मीटरला सुमारे एक डेसिबेल शक्ती हरवते, आणि ती नकळत अटेन्युएटरचे काम करत असते. कोणी चांगल्या हेतूने उत्तम प्रतीची तार आणून लावली की पुढचा प्रवर्धक जळतो.

भारतात सामान्य श्रेणीच्या परवानाधारकाला ४०० वॉटपर्यंतची आणि मर्यादित श्रेणीच्या परवानाधारकाला ५० वॉटची मुभा आहे, त्यामुळे येथील प्रश्न दीड हजार वॉटच्या यंत्रांचा नाही. येथे दोन प्रकार अधिक दिसतात. एक म्हणजे ५ ते १० वॉटच्या ट्रान्सीव्हरला, त्यात हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला यूबिटएक्सही आला, आयआरएफ५१० सारख्या स्वस्त मॉसफेटवर आधारलेले ५० वॉटच्या आसपासचे तयार संच जोडणे. या संचांना ५ वॉटच्या आसपास ड्राइव्ह पुरते, पण यूबिटएक्सची शक्ती खालच्या पट्ट्यांवर जास्त आणि वरच्या पट्ट्यांवर कमी असते, म्हणून २८ मेगाहर्ट्झवर जुळवलेला संच ७ मेगाहर्ट्झवर अतिरेकाने चालतो. मेळ नेहमी सर्वांत जास्त शक्ती देणाऱ्या पट्ट्यावर तपासावा. दुसरा प्रकार जुन्या बाजारातून मिळवलेल्या ८०७ किंवा ८१३ व्हॉल्व्हच्या घरगुती प्रवर्धकांचा. तेथे ड्राइव्ह जास्त झाली तर एखादा व्हॉल्व्ह जाईल, परंतु ८१३ च्या अ‍ॅनोडवरचा दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब आणि वीज बंद केल्यावरही भरलेला राहणारा संधारित्र माणसाचा जीव घेतात. झाकण उघडण्याआधी वीजतार काढणे, संधारित्र रिकामा होऊ देणे आणि अर्थिंगच्या दांडीने त्याची खात्री करणे, याला पर्याय नाही.

प्रवर्धकाच्या माहितीपत्रकात ‘कमाल ड्राइव्ह’ असा एकच आकडा छापण्याची पद्धत आता पुरेशी नाही. सतत चालणारी ड्राइव्ह किती, क्षणिक झटका किती सहन होतो आणि रिलेला किती वेळ लागतो, हे तीन आकडे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावेत, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याचा प्रवर्धक ऑसिलोस्कोपवर ट्रान्सीव्हर तपासल्याशिवाय जोडू नये.